पळणाऱ्या बिस्किटाची गोष्ट : सांगावी कशी आणि सुंठोबा भाजावा कसा

आजी ओव्हनचं दार किंचित उघडते आणि ट्रेमधला बिस्किटाचा माणूस टुणकन उडी मारून पळत सुटतो. जिंजरब्रेड मॅनच्या, म्हणजे सुंठेच्या बिस्किटाच्या माणसाच्या (आपल्या सुंठोबाच्या) गोष्टीत यापलीकडे फारसं काही घडत नाही. तो पळतो, त्याच्यामागे माणसं आणि जनावरं पळतात, शेवटी कोल्हा त्याला खातो. तरीही तीन ते सहा वर्षांची मुलं ही गोष्ट ‘परत, परत’ म्हणून ऐकतात. पुढे काय होणार हे त्यांना दुसऱ्या वेळेलाच पाठ झालेलं असतं, म्हणजे ओढ कथानकाची नसून तालाची आहे. सांगणाऱ्याने ताल सांभाळला की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं काम म्हणजे शेवट न घाबरता सांगणं, आणि शक्य असेल तर गोष्टीनंतर मुलांच्या हातात खरंखुरं बिस्किट देणं.

आधी पाठ (गोष्टीचं रूप) निवडा

छापील रूपात ही गोष्ट अमेरिकेतल्या ‘सेंट निकोलस’ या मुलांच्या मासिकात मे १८७५च्या अंकात आली. तिथे तो ‘मॅन’ नाही, ‘बॉय’ आहे : मूल नसलेल्या म्हातारीने केलेला बिस्किटाचा मुलगा. तो म्हातारा-म्हातारीला चुकवतो, मग मळणी करणाऱ्यांना, गवत कापणाऱ्यांना, गाईला आणि डुकराला. शेवटी कोल्हा येतो आणि त्याला सरळ पळून गाठतो. नदी ओलांडताना कोल्हा त्याला आधी शेपटीवर, मग पाठीवर, शेवटी नाकावर घेतो हा आज सर्वांना ठाऊक असलेला प्रसंग त्या पाठात नाही, तो नंतरच्या पाठांमधून रुळला.

पण पळणारा खाऊ त्याहून जुना आहे. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत या जातीच्या कथांना २०२५ हा क्रमांक आहे. रशियात ‘कोलोबोक’ आहे : पिठाचा डबा खरवडून, कोठी झाडून जेमतेम दोन मुठी पीठ निघतं, ते सायीत मळून आजी गोल भाकर तळते आणि खिडकीत निवायला ठेवते. ती तिथून गडगडत निघते आणि ससा, लांडगा, अस्वल यांना गाणं म्हणून चकवते. नॉर्वेत सात भुकेल्या पोरांच्या आईचा पॅनकेक पळतो, आणि त्याला खातं ते डुक्कर. जोसेफ जेकब्ज यांच्या १८९०च्या इंग्रजी परीकथासंग्रहात मक्याचा ‘जॉनी-केक’ पळतो. स्कॉटलंडमध्ये ‘बॅनक’, म्हणजे ओटची जाड भाकरी.

पहिल्यांदा सांगणार असाल तर जिंजरब्रेडचा पाठ घ्या, कारण बिस्किटाला हातपाय आहेत आणि मुलांना त्याच्यासारखं पळून दाखवता येतं. अगदी लहान, अडीच-तीन वर्षांच्या मुलांसाठी मात्र कोलोबोक सरस. गोल वस्तूचं गडगडणं त्यांना लगेच समजतं आणि प्राणी चारच आहेत. मोठ्या गटासाठी नॉर्वेच्या पॅनकेकमधली एक युक्ती उसनी घ्यावी : तिथे भेटणाऱ्या प्रत्येकाच्या नावाला यमकाचं शेपूट जोडलेलं असतं. मराठीला हे नवं नाही. ‘म्हातारी कुठली, कोतारी कुठली, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ यातली ‘कोतारी’ तेच काम करते. तेव्हा गाय भेटली की ‘गायबाई-बियबाई’ आणि बैल भेटला की ‘बैलोबा-फैलोबा’. मुलं पुढची नावं स्वतःच बनवू लागतात.

नाव आणि पालुपद

‘जिंजरब्रेड मॅन’ हे नाव मराठी गोष्टीत तसंच ठेवलं तर चालतं, पण पालुपदात ते अडखळतं. नाव तीन अक्षरांत, तोंड भरून म्हणता येईल असं हवं. ‘सुंठोबा’ हे चांगलं बसतं : त्यात सुंठ आहे, म्हणजे पदार्थाची चवही आहे, आणि ‘-ओबा’मुळे लाडही आहे.

पालुपद दोन ओळींपेक्षा मोठं नको. उदाहरणार्थ :

धरा धरा म्हणता, धराल कसा?
सुंठोबा पळतो वाऱ्याजसा!

त्यानंतर वाढत जाणारी साखळी : ‘आजी राहिली मागे, आजोबा राहिले मागे, गायही राहील मागे!’ प्रत्येक भेटीत एक नाव वाढतं. इथे दोन चुका हमखास होतात. एक, सांगणारा कंटाळून पालुपदाचे शब्द मध्येच बदलतो. मुलांना तोच शब्द तिथेच हवा असतो, तो हलला की त्यांचा सूर तुटतो. दुसरी, साखळीतला क्रम चुकतो. यासाठी पाठांतराची सोपी सोय म्हणजे बोटं : अंगठा आजी, तर्जनी आजोबा, मधलं बोट गाय, अनामिका घोडा, करंगळी शेतकरी. बोटं दाखवत म्हटलं की क्रम चुकत नाही, मुलंही बोटं उघडू लागतात, आणि हाताची बोटं संपली की पाठलाग करणारेही पुरे झाले.

पाच पुरे, सहावा नको. चार वर्षांच्या मुलांसमोर सात जण आणले की साखळी इतकी लांबते की तिसऱ्या नावापाशीच गट सैल पडतो. तीनहून कमी ठेवले तर साखळीची मजा यायच्या आतच कोल्हा येतो.

वेग

पूर्ण गोष्ट सात ते आठ मिनिटांत बसवा. सुरुवातीचं मिनिट सावकाश : आजी पीठ मळते, लाटते, हात-पाय कापते, मनुकांचे डोळे लावते. प्रत्येक कृती हाताने करून दाखवा आणि मुलांकडून करवून घ्या. हे मिनिट घाईत उरकलं तर सुंठोबा मुलांचा होत नाही. ज्याला आपण स्वतः डोळे लावले तो पळाला तरच त्याच्यामागे धावावंसं वाटतं.

पळणं सुरू झालं की मांडीवर आलटून पालटून दोन्ही तळव्यांनी ताल धरा. आजीच्या वेळी सावकाश, आजोबांच्या वेळी जरा जलद, शेतकऱ्यापर्यंत पूर्ण वेगात. पालुपद आलं की ताल थांबवा, पालुपद मोठ्याने म्हणा, मग पुन्हा ताल. हे थांबणं महत्त्वाचं आहे. सलग आवाज चालू राहिला तर वीस-पंचवीस मुलांचा वर्ग पाच मिनिटांत किंचाळू लागतो आणि मग तो परत खाली आणता येत नाही. ताल म्हणजे पाय आणि पालुपद म्हणजे तोंड. दोन्ही एकाच वेळी नकोत.

पुस्तक दाखवून सांगताना पान उलटण्याच्या आधीच पुढच्या प्राण्याचं नाव बोलून टाकू नका. ‘आणि मग भेटली…’ एवढंच म्हणून थांबा. मुलांना अंदाज करू द्या. त्यांनी हत्ती म्हटलं तर हत्ती घ्या. गोष्ट मोडत नाही, फक्त साखळीत हत्ती लक्षात ठेवावा लागतो.

कोल्हा

इथे सगळं उलटं करायचं. आतापर्यंत जो आला तो ‘थांब, मी तुला खातो’ म्हणत आला. कोल्हा तसं म्हणत नाही, तो मदत करायला आला आहे. म्हणून ताल बंद, आवाज हळू, जवळजवळ कुजबुजीत. राक्षसी आवाज काढण्याची चूक पुष्कळ जण करतात. तसं केलं की हा वाईट आहे हे मुलांना आधीच कळतं आणि सुंठोबा मूर्ख ठरतो. कोल्हा गोड बोलला तरच सुंठोबाचं फसणं पटतं.

नदीचा प्रसंग चार पायऱ्यांत : शेपटी, पाठ, खांदा, नाक. प्रत्येक पायरीला एकच कारण, ‘पाणी वाढलं’. हात घोट्यापाशी, गुडघ्यापाशी, कमरेपाशी, हनुवटीपाशी नेत पाण्याची पातळी दाखवा. नाकावर आल्यावर दोन सेकंद पूर्ण शांतता, मग तळहात एकमेकांवर आपटून ‘गट्टम्!’ शांतता न ठेवता टाळी वाजवली तर परिणाम निम्मा होतो.

चार-पाच वर्षांची मुलं हमखास विचारतात, ‘तो पोहत का नाही गेला?’ यासाठी एक वाटी पाणी आणि बिस्किटाचा तुकडा जवळ ठेवा. तुकडा पाण्यात टाका आणि गोष्ट संपल्यावर बघा. कडा मऊ पडून सुटू लागलेल्या असतात, आणि उत्तर मुलांना स्वतःच मिळतं.

नदी नको असेल तर रशियन आणि जॉनी-केकच्या पाठातली बहिरेपणाची युक्ती घ्या : ‘मला नीट ऐकू येत नाही रे, जरा जवळ ये.’ मुलं एकेक पाऊल पुढे सरकतात. छोट्या खोलीत आणि दोन-तीन मुलांना सांगताना ही युक्ती नदीपेक्षा जास्त चालते.

शेवट गुळगुळीत करू नका

सुंठोबा वाचला, कोल्ह्याशी मैत्री झाली, सगळ्यांनी केक खाल्ला असे शेवट जोडण्याचा मोह होतो. तो टाळावा. आठ मिनिटं वाढवत नेलेला ताण तिथे सुटतच नाही, आणि मुलं ‘मग?’ म्हणून विचारत राहतात. शिवाय ते बिस्किट आहे. बिस्किट खाण्यासाठीच असतं हे तीन वर्षांच्या मुलालाही ठाऊक असतं, आणि त्यामुळेच हे खाल्लं जाणं इतर गोष्टींतल्या मरणासारखं जड होत नाही.

१८७५च्या पाठातला शेवट यासाठी फार कामाचा आहे. कोल्हा खात असताना बिस्किट स्वतःच हिशेब देत जातं : पाव गेलो, अर्धा गेलो, पाऊण गेलो, सगळाच गेलो. मग आवाज बंद. मराठीत हे ‘पाव, अर्धा, पाऊण, संपला!’ असं झकास लागतं, आणि पहिली-दुसरीच्या मुलांना अपूर्णांकांची ओळखही होऊन जाते. कागदाचा सुंठोबा कापून, एकेक चतकोर दुमडत सांगितलं तर आणखी छान.

एखादं मूल रडलंच तर समजावत बसू नका. त्याला पालुपद म्हणायला सांगा आणि गोष्ट पहिल्यापासून सुरू करा. दुसऱ्या फेरीत सुंठोबा पुन्हा ओव्हनमधून उडी मारतो, आणि तो परत येतो हे कळलं की भीती जाते. ‘म्हणून आईचं ऐकावं’ हे शेपूट मात्र लावू नका.

सुंठोबा भाजताना

आकृत्यांचं जिंजरब्रेड युरोपात शतकानुशतकं होतं. जर्मनीतल्या न्युरेंबर्गचं लेबकुखन, म्हणजे तिथलं जिंजरब्रेड, आजही प्रसिद्ध आहे, आणि इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या दरबारात पाहुण्यांच्या चेहऱ्यामोहऱ्याची जिंजरब्रेडं होत असं सांगितलं जातं. मूळ कृतीत गडद मोलॅसिस किंवा काकवीच्या जातीचं सिरप असतं. आपल्याकडची काकवी या कामाला उत्तम. ती मोलॅसिसपेक्षा सौम्य आणि कमी कडू असते, त्यामुळे मुलांना चव लवकर आवडते.

१० सेंटीमीटर उंचीचे साधारण २० सुंठोबा होतील एवढं प्रमाण :

मैदा ३५० ग्रॅम
खाण्याचा सोडा १ सपाट छोटा चमचा
मीठ पाव छोटा चमचा
सुंठपूड २ छोटे चमचे
दालचिनीपूड १ छोटा चमचा
लवंगपूड पाव छोटा चमचा
बिनमिठाचं लोणी ११५ ग्रॅम
गूळपावडर किंवा ब्राउन शुगर १२५ ग्रॅम
काकवी १०० ग्रॅम
अंडं १ (अंडं नको असेल तर दूध ३ मोठे चमचे, लागेल तसं)

सुंठपूड जुनी असेल तर आधी वास घ्या. डबा उघडल्यावर नाकाला झोंबत नसेल तर ती बदला, नाहीतर हे नुसतं गुळाचं बिस्किट होईल. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी सुंठ एक चमच्यावर आणा आणि लवंग गाळा.

कोरडे जिन्नस दोनदा चाळा. सोडा नीट मिसळला नाही तर बिस्किटावर तपकिरी ठिपके पडतात आणि तिथे साबणासारखी चव लागते. गूळपावडरही चाळून घ्या, खडा राहिला तर तो भाजताना वितळून भोक पाडतो. लोणी मऊ हवं, पातळ नको : बोट दाबलं तर खळगा पडावा, पण तेल सुटलेलं नसावं. लोणी आणि गूळ फक्त एकजीव होईपर्यंत घोटा. केकसारखं फेसाळ केलं तर आत हवा राहते आणि भाजताना आकृती फुगून बेडौल होते. मग काकवी आणि अंडं, शेवटी मैदा. गोळा हाताला किंचित चिकटेल, तो तसाच हवा. इथे घाबरून मैदा वाढवला की बिस्किट दगड होतं.

गोळ्याची चपटी वडी करून, झाकून, फ्रिजमध्ये दोन तास ठेवा. रात्रभर ठेवली तर मसाला आणखी मुरतो. ही पायरी टाळता येत नाही. उन्हाळ्यातल्या स्वयंपाकघरात लोणी लाटतानाच विरघळतं, आणि ट्रेवर सुंठोबाचे पाय एकमेकांना चिकटून तो शंकरपाळ्यासारखा दिसू लागतो.

लाटताना दोन बटर पेपरांमध्ये लाटा. जाडी ५ मिलिमीटर, सगळीकडे सारखी. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या ठेवून त्यांवर लाटणं फिरवलं तर जाडी आपोआप जमते. साचा नसेल तर जाड पुठ्ठ्याचा नमुना कापा, त्यावर बटर पेपर चिकटवा आणि सुरीच्या टोकाने कडेने फिरा. मान दीड सेंटीमीटरपेक्षा बारीक नको, हात-पाय त्याहून थोडे रुंद हवेत. बारीक मान उचलतानाच तुटते, आणि बारीक हात धड भाजायच्या आधी करपतात.

डोळ्यांना मनुकांचे तुकडे भाजण्याआधी दाबून बसवा, नंतर चिकटत नाहीत. अख्खी लवंग दिसायला सुंदर दिसते, पण लहान मुलांच्या घशात अडकू शकते. साखरेच्या टणक चंदेरी गोळ्यांचंही तेच. कापलेल्या आकृत्या ट्रेसकट १५ मिनिटं परत फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे कडा धारदार राहतात.

ओव्हन १७५ अंशांवर १५ मिनिटं आधी तापवा. मधल्या कप्प्यात १० ते १२ मिनिटं. कडा घट्ट आणि किंचित गडद, मध्य बोटाला जरा मऊ लागला की बाहेर काढा. गुळाच्या रंगामुळे भाजल्याचा अंदाज चुकतो, म्हणून रंगापेक्षा कडेवर विश्वास ठेवा. ट्रेवरच पाच मिनिटं राहू द्या. गरम सुंठोबा लगेच उचलला तर डोकं हातात येतं आणि धड ट्रेवर राहतं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत स्टँड ठेवून, झाकून १० मिनिटं तापवा, आणि ताटलीवर तीन-चार सुंठोबा मंद आचेवर १५ ते २० मिनिटं भाजा. खालची बाजू लवकर लागते, बाराव्या मिनिटापासून बघत राहा.

बटणं आणि तोंडासाठी १५० ग्रॅम आयसिंग शुगरमध्ये ४ ते ५ छोटे चमचे दूध आणि लिंबाचे थेंब. चमच्यातून सोडल्यावर रेघ १० सेकंद तरी मोडू नये. पातळ झालं तर बटणं पोटावरून ओघळतात. बिस्किट पूर्ण गार झाल्याशिवाय आयसिंग लावू नका.

डबा हवाबंद हवा. पावसाळ्यात उघडा राहिलेला सुंठोबा एका संध्याकाळीत सादळतो. सादळला तर १५० अंशांवर चार-पाच मिनिटं ठेवा, अर्थात आयसिंग लावण्याआधी.

पळालेल्याचा शोध

अमेरिकेतल्या बालवर्गांत या गोष्टीचा एक खेळ ठरलेला आहे. सुंठोबा आधी भाजून ठेवतात, मुलांसमोर रिकामा ट्रे काढतात, ‘पळाला!’ आणि मग शाळाभर शोध. आपल्याकडे बालवाडीत किंवा सोसायटीत हा सहज जमतो. पाच चिठ्ठ्या लिहा, प्रत्येकीत पुढच्या जागेची खूण : ‘जिथे पाणी थंडगार, तिथे होतो क्षणभर’ म्हणजे माठ किंवा पाण्याची टाकी. शेवटच्या जागी झाकलेला डबा. चिठ्ठ्या शोधाच्या अर्धा तास आधीच लावा, सकाळी लावल्या तर कुणीतरी काढून टाकतं. वाटेत कणकेचे किंवा मैद्याचे छोटे पायठसे ठेवले तर न वाचणारी मुलंही मागे राहत नाहीत. वाटण्याआधी पालकांना गहू, अंडं आणि दुधाची ॲलर्जी विचारून घ्या. आणि प्रत्येकाला अख्खा सुंठोबा द्या, तोडलेला चालत नाही.

आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी

या वयाला पळापळ पुरत नाही. त्यांच्यासाठी हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या १८५३च्या ‘विलोच्या झाडाखाली’ या कथेतली आतली छोटी गोष्ट घ्यावी. दुकानाच्या फळीवर दोन जिंजरब्रेडं पडून असतात, एक टोपीवाला पुरुष आणि एक मुलगी. चेहरा फक्त वरच्या बाजूला, म्हणून त्यांच्याकडे तिकडूनच बघायचं. पुरुषाच्या डाव्या बाजूला हृदयाच्या जागी एक कडू बदाम. दोघं एकमेकांवर प्रेम करतात, पण बोलत कोणीच नाही. शेवटी मुलगी फळीवर पडून पडून वाळते आणि तडकते.

ही गोष्ट सांगायची असेल तर दोन सुंठोबा आठवडाभर आधी भाजून, त्यातला एक उघड्यावर ठेवून वाळवा. कोरड्या हवेच्या दिवसांत हे जमतं, पावसाळ्यात नाही. बदाम साधाच घ्या. कडू बदामात विषारी घटक असतो, तो मुलांच्या खाण्यात नको. भाजण्याआधी डाव्या बाजूला दाबून बसवा, सुंठोबाच्या डाव्या बाजूला, तुमच्या नाही. गोष्ट संपत आली की वाळलेलं बिस्किट मुलांसमोर मोडा. अँडरसनच्या कथेत सांगणारा ती दोन्ही बिस्किटं ऐकणाऱ्या मुलांना देऊन टाकतो. पण त्यांना ती खाववत नाहीत. मग एक मोठा मुलगा खोडसाळपणे तडकलेली मुलगी खाऊन टाकतो, पोरं रडतात, आणि उरलेला बिचारा एकटा पडू नये म्हणून त्यालाही खातात.